सतराव्या पानावरचा गुलाब

बायको अकोल्याची असल्याचा एक तोटा आहे. अकोल्यात माझी फजिती झाली, की माझी एस.टी. मूर्तिजापूरला पोचायच्या आत बातमी अमरावतीला आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलेली असते. ही फजिती मात्र मी स्वतःच घरी सांगितली. सांगावीच लागली, कारण तिच्यात माझे सासरे होते.

मी अमरावतीच्या एका लहान संस्थेत आरोग्य शिक्षणाची पोस्टरं, पत्रकं आणि फ्लिपचार्ट तयार करतो. चित्रं माझी, मजकूर माझा, आणि ते दाखवत गावोगाव बोलत फिरणारं तोंडही माझंच. माझा सगळ्यात लाडका फ्लिपचार्ट रक्त कमी असण्यावरचा होता. बावीस पानांचा. पहिल्या पानावर दोन वेण्यांची एक मुलगी फिकट तोंडानं खाटेवर बसलेली असायची आणि बाविसाव्या पानावर तीच मुलगी गालांवर लाली घेऊन मैदानात धावायची. मधल्या पानांत ती दर सोमवारी सरकारी निळी गोळी घ्यायची, पालक खायची, सफरचंद खायची, हात धुवायची. सतराव्या पानावर एक मोठा गुलाब होता, दवबिंदूंसकट. तो तिथं कशाला, हे मला कोणी कधी विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही.

आमच्या संस्थेच्या डॉक्टर मॅडमनी एक दिवस मला बोलावलं आणि म्हणाल्या, "अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीच्या काठाला एक वस्ती आहे. तिथं गोळ्या वाटल्या जातात, पण मुलींचं रक्त काही वाढत नाही. या वेळी कार्यक्रम तिथली मुलंच ठरवतील. तुम्ही फक्त मदत करायची."

"हो मॅडम, सहभाग," मी म्हणालो. हा शब्द मी इतक्या अहवालांत लिहिला आहे, की तो मला झोपेतून उठवूनही लिहिता येतो. करता येतो की नाही, ते कोणी तपासलं नव्हतं.

वस्तीतल्या अंगणवाडीच्या खोलीत अकरा जण जमले. चौदा ते सतरा वयाची पोरंपोरी. कोणी गॅरेजवर, कोणी डाळमिलमध्ये, कोणी घरची भांडी-धुणी करून उरलेल्या वेळात शाळेत. मी बिस्किटांचे पुडे फोडले, फ्लिपचार्ट उभा केला आणि बावीसच्या बावीस पानं समजावून सांगितली. मग म्हणालो, "आता हा कार्यक्रम तुमचा आहे. तुम्ही ठरवा. पानांची किनार कोणत्या रंगाची हवी?"

मग गॅरेजवर काम करणारा एक पंधराएक वर्षांचा पोरगा नखातलं ऑइल काढत म्हणाला, "सर, किनार तं साडीची पायतात. हा चार्ट कोन नेसून राह्यलं?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर मी चिडलोय हे कळलं असतं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी हसली नव्हती. ती चार्ट निरखून पाहत होती. सोळा वर्षांची, डाळमिलमध्ये डाळ निवडायला जाणारी. नववीनंतर शाळा सुटलेली. तिची बोटं रिकामी असली तरी हलत असायची, समोर अदृश्य सूप असल्यासारखी. तिनं विचारलं, "सर, ही पोरगी गोयी काहून खाते?"

"रक्त कमी आहे म्हणून."

"हिच्या घरी तं सफरचंद हाये. फ्रीज हाये. हिचं रगत काहून कमी झालं?"

मी विषय बदलला आणि विचारलं, "तुमच्यापैकी कोण कोण दर सोमवारी गोळी घेतं? हात वर करा." अकराच्या अकरा हात वर गेले. मी आनंदानं तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या बैठकीत मी ठरवून गेलो होतो, की आज आपण बोलायचं नाही, मुलांना बोलू द्यायचं. ही गोष्ट त्यांना नीट पटवून द्यायला मला पाऊण तास लागला. शेवटी एक लहान पोरगी उठून म्हणाली, "सर, आमाले आता पाणी भरायले जा लागते," आणि बैठक संपली.

तिसऱ्या बैठकीच्या आदल्या रात्री मी कूलरसमोर झोपलो आणि सकाळी घशातून आवाजच निघेना. नुसती हवा. फोन करून बैठक रद्द करावी म्हटलं, तर फोनवर बोलणार कसा? गेलो तसाच. कागदावर लिहिलं, "माझा आवाज बसला आहे. आज तुम्हीच बोला," आणि तो कागद फिरवला.

गॅरेजवाल्यानं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि बाकीच्यांना म्हणाला, "चला, देवाले काळजी हाये." आणि मग सगळे जे बोलायला लागले, ते दोन तास थांबले नाहीत. आमच्या संस्थेच्या त्या वर्षीच्या अहवालात 'युवकांचा प्रभावी सहभाग' म्हणून जे छापलंय, त्याचं खरं श्रेय त्या कूलरला जातं.

पहिली गोष्ट कळली ती हाताची. "सर, हात वर करा म्हनलं का आमी हात वर करतो," गॅरेजवाला म्हणाला. "शायेत तेवढंच तं शिकलो." मुली गोळ्या घेत नव्हत्या. कोणी ओढणीच्या टोकाला बांधून आणायच्या, कोणी मुठीत, आणि पुलावरून मोर्णेत टाकून द्यायच्या.

मी कागदावर मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

डाळमिलवाली म्हणाली, "तुमच्या चार्टात लिवलं हाये, गोयी सोमवारी सकायी घ्या. सकायी आमी काय खातो, इचारलं का तुमी? सात वाजता कामावर जा लागते. कोरा चहा अन् टोस. उपाशी पोटी चहासंगं गोयी गेली का पोटात ढवयते. मिलमध्ये उलटी झाली तं मुकादम घरी धाडते."

पोट उपाशी नको आणि चहा तर मुळीच नको, कारण चहानं लोह अंगी लागत नाही, हे मला माहीत होतं. नवव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंही होतं. पण पानाच्या मध्यभागी मी सूर्योदय काढला होता, का, तर सूर्योदय मला चांगला जमतो. पाहणाऱ्यांच्या लक्षात सूर्योदयच राहायचा.

"अन् दुसरं," ती म्हणाली आणि थांबली. मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग समोरच्या अदृश्य सुपाकडे. "दुसरं म्हंजे, तुमचा चार्ट पायून म्या पयल्यांदा गोयी खरंच घेतली होती. मंगयवारी पायलं तं संडास कायी. कोयशावानी. म्या म्हनलं, झालं, आतडं सडलं. मायले सांगाव तं ते रडते, मंग शेजारचे जमतात. कोनालेच नाई सांगतलं. तीन दिवस मरायची वाट पायली."

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिनं पुढं सांगितलं.

"माहा एक नवा ड्रेस होता, पिवळा. म्हनलं आपुन तं चाललो, तं लहान बहिनीले देऊन टाकला. शुक्रवारी मेली नाई म्हनून परत मागतला, तं ते देच ना. अजून घालून फिरते."

या वेळी सगळे हसले, तीही हसली. मी हसू शकलो नाही, आणि त्याला घसा कारण नव्हता.

लोहाची गोळी घेतली की संडास काळी होते. घाबरायचं काही नसतं, लोहाचा रंग असतो. आमच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. माझ्या चार्टच्या पहिल्या मसुद्यात सतराव्या पानावर नेमकं हेच होतं. पण चित्र काढायला बसलो तेव्हा मला लाज वाटली. काय काढणार? पाटलाच्या वाड्यात, शाळेत, बायामाणसांसमोर ते पान उलटणार कसं? म्हणून मी ते पान काढून टाकलं. बावीस हा आकडा आधीच छापखान्याला कळवला होता, तेव्हा रिकाम्या जागी गुलाब बसवला. ही पोरगी तीन दिवस मरणाची वाट पाहत होती ती माझ्या त्या गुलाबापायी.

हे सगळं मी त्या दिवशी कबूल केलं का? नाही. आवाज नव्हता ही केवढी सोय! ती म्हणाली, "सर, हे वाक्य आपल्या कार्यक्रमात पयले पायजे. बाकी काही नसलं तं चालते." तेव्हा मी पापाची थोडी फेड म्हणून कागदावर ठळक लिहिलं, "वाक्य राहील. मुलांनी ठरवलेला एक शब्दही मी कापणार नाही." खाली सही केली. भावनेच्या भरात तारीखही घातली. तिनं तो कागद घडी करून कंपासपेटीत ठेवला. शाळा सुटली होती, कंपासपेटी सुटली नव्हती.

पुढच्या बैठकांना माझा आवाज परत आला होता, पण मला कोणी विचारलं नाही. त्यांनी त्यांचं त्यांचं ठरवून टाकलं. गोळी सोमवारी संध्याकाळी, भाकर खाऊन झाल्यावर, वस्तीतल्या मोठ्या ओट्यावर सगळ्या मुलींनी एकत्र बसून घ्यायची. कोणी फेकली तर दिसेल, कोणाला मळमळलं तर बाजूला कोणीतरी असेल. हे किती सोपं होतं! मी बावीस पानं रंगवली, आणि त्यांनी गोळी सकाळवरून संध्याकाळवर नेली.

राहिलं ते लोकांना सांगायचं कसं. मी माझ्या चार्टकडे आशेनं पाहिलं. गॅरेजवाला म्हणाला, "सर, थो राहू द्या. तान्ह्या पोयाले लोक आपोआप जमतात. आपुन झडत्या म्हनू."

वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले, की आमच्याकडे माणसं एकमेकांवर यमक जुळवलेल्या टोमण्यांची फैर झाडतात. पाटलापासून सरकारपर्यंत कोणाला सोडत नाहीत. त्या झडत्या. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान पोरांचा, लाकडी बैलांचा. झडत्या म्हणायच्या त्या पुरुषांनी, अशी आजवरची रीत. या वस्तीत निम्मी घरं बौद्धांची, काही मुसलमानांची, काही हिंदूंची. झडतीच्या शेवटी देवाचा गजर असतो, तिथं कोणाचा देव घ्यायचा? डाळमिलवालीनं दोन मिनिटांत निकाल लावला: "देव नोकोच. शेवटी सगळ्याईनं वरडाचं, आंधी जेव, मंग गोयी!"

पहिली झडती तिनंच केली:

निया निया गोया कोनं मोर्णेत टाकल्या?
मासोया झाल्या पयलवान, पोरी मातर वाकल्या!

आणि दुसरी, जिच्यासाठी सगळा खटाटोप:

सोमवारी खाल्ली गोयी, मंगयवारी संडास कायी,
लोखंडाचा रंग हाये थो, मरन-बिरन नाई!

मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हे इथं नोंदवून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा विश्वास बसणार नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दोन दिवस आधी मला कळलं, की वस्तीच्या मंडळानं कार्यक्रमाला अध्यक्ष बोलावलेत. निवृत्त मुख्याध्यापक, निम्म्या वस्तीचे जुने गुरुजी. म्हणजे माझे सासरे. पांढरी टोपी, इस्त्रीचं धोतर, जेवताना ताटाबाहेर शीत सांडलं तरी नजरेनं उचलायला लावणारे. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर मी अजून 'बाथरूमला जाऊन येतो' असं म्हटलेलं नाही. 'हात धुऊन येतो' म्हणतो. त्यांच्यासमोर संडास? तीही काळी?

मी कार्यक्रमाची प्रत टाइप करायला बसलो आणि दुसऱ्या झडतीच्या जागी अलगद एक वाक्य बसवलं: 'गोळीमुळे शरीरात काही तात्पुरते बदल संभवतात.' टाइप करताना सतराव्या पानाची आठवण आली. नाही आली असं कसं म्हणू? पण गुलाब काढायची सवय लागलेल्या हाताला कोण आवरणार!

आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम. गॅरेजवाल्यानं प्रत वाचता वाचता मान वर केली. "सर, तात्पुरते बदल म्हंजे? शिंगं फुटतात का?"

"शेपटी," दुसरा कोणी म्हणाला.

डाळमिलवाली हसली नाही. तिनं कंपासपेटी उघडली, कागदाची घडी उलगडली आणि माझ्यासमोर धरली. "हे अक्षर तुमचंच ना, सर?"

माझंच होतं. सही होती, तारीख होती. वळणदार, छान.

"अगं, अध्यक्ष म्हणून माझे सासरे येऊन राहिले ना," मी म्हणालो. गडबडीत माझ्या तोंडून वऱ्हाडी निघते. मग मात्र मी सगळंच सांगून टाकलं. पहिला मसुदा, सतरावं पान, लाज, गुलाब. सांगताना वाटलं, आत्ता आवाज बसला असता तर बरं झालं असतं.

तिनं कागद पुन्हा घडी करून कंपासपेटीत ठेवला. मग म्हणाली, "सर, आमी डाय निवडतो तं खडा फेकतो, डाय ठेवतो. तुमी डायच फेकली अन् खडा रंगवून ठेवला." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "मले का लाज नाई? उद्या तिथं माही माय राहीन, मुकादम राहीन. मंग गल्लीत काय म्हनतीन, का मोठी झाली अन् लोकाईत हागण्यामुतण्याचं बोलते. तरी म्या म्हननार होती. काहून, तं अजून कोनी तीन दिवस तसं बसू नाई म्हनून."

मी म्हणालो, "मूळ झडती परत घालतो. आत्ता."

"घाला. पन म्हननार तुमी."

"मी?"

"कापली कोनं?" गॅरेजवाला म्हणाला. अकरा हात वर गेले. या वेळी खरे.

तान्हा पोळा. शंभर-दीडशे माणसं, लाकडी बैलांना झुली घातलेली पोरं, आंब्याच्या पानांचं तोरण. पहिल्या रांगेत एका खुर्चीत डॉक्टर मॅडम, दुसरीत सासरे, टोपीसकट. गर्दीत एक लहानगी पिवळ्या ड्रेसमध्ये मिरवत होती. कोणाचा ड्रेस, ते मला विचारावं लागलं नाही. पोरांनी मासोळ्यांची झडती म्हटली आणि लोक खदखदा हसले. 'आंधी जेव, मंग गोयी' एवढ्या जोरात झालं, की एका पोराचा बैल उलटा झाला.

मग मला पुढं ढकललं. मी घसा साफ केला. सासऱ्यांकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून त्यांच्याकडेच पाहिलं.

"सोमवारी खाल्ली गोळी, मंगळवारी..." एवढं म्हणालो आणि अडलो. मागून कोणीतरी "गुलाब!" म्हणालं. तो आवाज गॅरेजवरचा होता.

तेवढ्यात ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणणार मी असं ठरलं होतं, तरी आली. मायकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मंगयवारी संडास कायी!" पाठोपाठ मीही म्हणालो, मोठ्यानं. पुढची ओळ आम्ही दोघांनी एकत्र म्हटली. मी थोडा बेसूर होतो. आधी एका कोपऱ्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मग एक म्हातारी म्हणाली, "हाव ना वं, माहीबी झालती!" आणि मग कोणाची कोणाची काय काय झाली होती याचा जो गलका उठला, त्यात पुढच्या तीन झडत्या कोणाला ऐकूच आल्या नाहीत. पोरीची माय उठून उभी राहिली होती. रागावते की काय असं वाटलं. ती पिवळ्या ड्रेसवालीला उचलून पुढं आणत होती, तिला नीट दिसावं म्हणून.

डॉक्टर मॅडम निघताना मला म्हणाल्या, "सतराव्या पानावर गुलाब कशाला होता, ते आज कळलं." मी म्हणालो, "पुढच्या आवृत्तीत काढतो." त्या म्हणाल्या, "पुढची आवृत्ती तुम्ही काढूच नका, ही मुलं काढतील." मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

सासऱ्यांनी अध्यक्षीय भाषण केलंच नाही. दोन वाक्यं बोलून बसले. माणसं पांगल्यावर त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी 'हात धुऊन येतो' म्हणायच्या तयारीत होतो.

"जवाई," ते हळूच म्हणाले, "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो, मामाजी."

"आधीपासून म्हणजे, ऑपरेशननंतर मला डॉक्टरनं लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हाही?"

मी वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागलो.

"दीड महिना झाला. चार दिवस घेतल्या. मग ते... तसं दिसलं. तुमच्या सासूबाईंना सांगितलं नाही, उगाच घाबरतात. पाकिटं जुन्या रेडिओच्या मागं ठेवली." त्यांनी टोपी सारखी केली. "मृत्युपत्रही बदलून ठेवलं. तुमचं नाव घातलं होतं त्यात. आता पाहावं लागेल."

मी काही बोलणार, तोच त्यांनी हातानं मला थांबवलं. "तुम्ही राहू द्या. त्या पोरीला बोलवा."

ती आली. ओट्यावर त्यांच्या शेजारी बसली, पाठ ताठ, मांडीवर कंपासपेटी. गुरुजींनी शंका विचारल्या आणि तिनं उत्तरं दिली. आयुष्यभर मुलांची परीक्षा घेतलेला माणूस प्रश्न विचारत होता, पण परीक्षा त्यांची चालली होती. "आबा, तुमची गोयी येगळी हाये, आमची येगळी," ती म्हणाली. "डॉक्टरले उद्याच जाऊन सांगा, का मधात बंद केलती. अन् हे कायी झालती थेबी सांगा. लाजू नोका."

"नाही लाजत," सासरे म्हणाले. चोवीस वर्षांत मी त्यांना इतकं आज्ञाधारक पाहिलं नव्हतं.

आपणही काही उपयोगी पडावं म्हणून मी कोपऱ्यावरून दोन कप चहा घेऊन आलो. एक सासऱ्यांसमोर धरला.

त्यांनी हात पुढे केला, तर तिनं मध्येच कप माझ्याकडे वळवला. "आबा, जेवन झालं का तुमचं?"

"नाही अजून."

"मंग हा चहा सरले पिऊ द्या," ती म्हणाली. "त्याईले कोनती गोयी नाई."

दोन्ही कप मीच प्यालो. गोड होते.